उन्हाळ्यात लांबच्या विमानप्रवासाला निघताना काय घालावे? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल उजाडला की धरमपेठेतील माझ्या शिवणकामाच्या दुकानात लग्नसराईच्या ब्लाउजांबरोबर आणखी एक गठ्ठा साठू लागतो. मुलाकडे न्यू जर्सीला निघालेले आईवडील, लेकीच्या बाळंतपणासाठी टोरांटोला जाणाऱ्या काकू, शिकायला जर्मनीला चाललेली मुले, असे सगळे वेगवेगळे कापड घेऊन येतात, पण प्रश्न जवळपास तेच विचारतात. माप घेता घेता वर्षानुवर्षे दिलेली उत्तरे येथे सविस्तर लिहिली आहेत.

नागपुरात ४५ अंश तापमान असते आणि विमानात मात्र हुडहुडी भरते. मग कपडे नेमके कोणत्या हवेसाठी निवडावेत?

मे महिन्यात नागपूरहून अमेरिकेला किंवा युरोपला निघालेला माणूस एका प्रवासात किमान चार प्रकारच्या हवेतून जातो. घरापासून सोनेगावच्या विमानतळापर्यंत रखरखीत ऊन असते, मुंबईत उतरताच दमट हवा अंगाला चिकटते, विमानात कोरडा गारवा असतो आणि शेवटी उतरण्याचे ठिकाण आणखी निराळे असते. या सगळ्यांत ऊन सर्वाधिक जाणवते, म्हणून बहुतेक जण उन्हाचाच विचार करून कपडे घालतात. पण ते ऊन तासाभराचे असते आणि मुंबईहून न्यूअर्कपर्यंतचे थेट उड्डाणच १५ ते १६ तासांचे असते. जे तास आपण एका जागी बसून, अर्धवट झोपेत, पाय पूर्ण न पसरता काढणार आहोत, त्या तासांसाठी कपडे निवडावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

विमानातील तापमान साधारणपणे २२ ते २४ अंश असते, म्हणजे ते फार थंड नसते. आर्द्रता मात्र लांबच्या उड्डाणात बहुधा २० टक्क्यांच्याही खाली जाते. आपल्या घरच्या कूलरची हवा भिजलेल्या ताट्यांमधून येते, त्यामुळे ती गार असली तरी तिच्यात ओल असते आणि आपल्या अंगाला त्याच गारव्याची सवय झालेली असते. विमानातील कोरड्या हवेत घामाने भिजलेला बनियन घालून बसले की घाम भराभर उडून जातो, जाताना अंगातील उष्णता घेऊन जातो आणि अर्ध्या तासात थंडी वाजू लागते. एसी फार जोरात लावला आहे, असे आपल्याला वाटते, पण पुष्कळदा पाठीला चिकटलेला ओला कपडाच त्याला कारणीभूत असतो. म्हणून एक कोरडा बनियन किंवा स्लिप हातातल्या बॅगेत ठेवावी आणि विमानात चढण्यापूर्वी विमानतळावरच्या प्रसाधनगृहात आतला कपडा बदलून घ्यावा. एवढ्याने निम्मी थंडी कमी होते.

कापड कोणते घ्यावे? सुती की लिनन, रेयॉन की हल्ली मिळणारे घाम सुकवणारे पॉलिएस्टर?

कापडाची पहिली परीक्षा ओलावा धरण्याची असते. ठरावीक तापमान आणि आर्द्रतेच्या प्रमाणित हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरतो, रेशीम सुमारे ११ टक्के, लिनन सुमारे १२ टक्के आणि लोकर सुमारे १६ टक्के धरते, तर पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. साध्या पॉलिएस्टरच्या कुर्त्यात घाम अंगावरच राहतो, याचे हे कारण आहे. खेळाडूंसाठी विणलेले पॉलिएस्टर घाम बाहेरच्या बाजूला ओढून लवकर सुकते, हे खरे आहे, पण त्यात वास धरून राहतो. तासभर धावण्यासाठी ते उत्तम असले तरी २० तास शेजारच्या माणसाला खेटून बसण्यासाठी मी ते सुचवत नाही. आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. आगीच्या प्रसंगी कृत्रिम धागा वितळून कातडीला चिकटतो, सुती कापड तसे वितळत नाही.

कुर्त्यासाठी किंवा शर्टासाठी दर चौरस मीटरला १२० ते १५० ग्रॅम वजनाचे सुती, खादीचे किंवा सुती-लिनन मिश्रणाचे कापड मला सर्वांत योग्य वाटते. शुद्ध मलमल त्याहून हलकी आणि अतिशय सुखद असते, पण ती पारदर्शक असते आणि सीटबेल्टच्या ओढीने शिवणीपाशी विरते, त्यामुळे ती आतल्या कपड्यासाठी राखून ठेवावी. रेयॉन अंगावर सुंदर पडते, मात्र ते ओले झाले की कमकुवत होते आणि तासन्‌तास बसल्यावर गुडघ्यांपाशी फुगे धरते. लायोसेल नावाचे कापडही लाकडाच्या लगद्यापासूनच बनते, परंतु ओले असताना ते रेयॉनपेक्षा चांगले टिकते, त्यामुळे पँटसाठी ते घ्यायला हरकत नाही. पँटच्या सुती कापडात दोन-तीन टक्के लायक्रा असेल तर बसणे सोपे जाते.

गांधीबागेत किंवा सीताबर्डीवर कापड घेताना त्याचा एक कोपरा मुठीत घट्ट धरावा, मनात तीस मोजावेत आणि मूठ उघडावी. पडलेल्या घड्या हाताने फिरवल्यावर विरल्या, तर ते कापड प्रवासाचे समजावे. घड्या कागदावरच्या रेघांसारख्या राहिल्या, तर ते कितीही देखणे असले तरी दुसऱ्या प्रसंगासाठी ठेवावे. शिवायला टाकण्यापूर्वी प्रत्येक सुती कापडाला रात्रभर पाणी दाखवावे, कारण एका धुण्यात आटलेला कुर्ता छातीवर पहिल्यांदा ताणतो आणि प्रवासात तेच सर्वांत आधी खुपते.

शिवताना मापात काही बदल करावा लागतो का?

करावा लागतो, आणि कपडा आरामदायी होतो की नाही, ते कापडापेक्षाही इथेच ठरते. आम्ही माप उभ्या माणसाचे घेतो, पण प्रवासी बसलेला असतो. म्हणून प्रवासाच्या कपड्यांची ट्रायल मी लाकडी खुर्चीवर बसवून घेते. निदान दहा मिनिटे बसवते, पुढे वाकायला सांगते, एक पाय दुसऱ्यावर टाकायला सांगते आणि उभे राहून दोन्ही हात वर करायला सांगते, जसे आपण बॅग वरच्या कप्प्यात ठेवताना करतो. आरशासमोर नीट दिसणारा कपडा या दहा मिनिटांत आपले दोष उघड करतो.

बसल्यावर पँटचे आसन मागून खाली ओढले जाते, त्यामुळे मागच्या आसनात एक ते दीड इंच जास्त द्यावा. कमरेला पुढच्या बाजूने सपाट पट्टी आणि मागे रुंद इलॅस्टिक लावले तर ती पँट पुढून व्यवस्थित शिवलेली दिसते आणि पोटाला जागाही मिळते. ही जागा आवश्यक असते, कारण विमानातील हवेचा दाब जमिनीवरच्यापेक्षा कमी असतो. तो जास्तीत जास्त २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असावा इतका उतरू शकतो आणि पोटातील वायू प्रसरण पावतो. नागपुरात बरोबर बसलेली कंबर आकाशात आवळू लागते, ती त्यामुळे.

मुंढ्याबाबत, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या काखेच्या गोलाबाबत, बहुतेकांचा समज उलटा आहे. हात मोकळा हवा म्हणून मुंढा खोल कापायला सांगतात, पण खोल मुंढ्याचा कुर्ता हात वर करताच कमरेपासून सगळाच वर ओढला जातो. मुंढा काखेजवळ ठेवून बाही वरच्या भागात सैल कापली, तर हात फिरतो आणि कुर्ता जागेवर राहतो. खांद्यावर कपडा अगदी मापात बसवावा आणि छातीखाली तो सैल सोडावा. सैल कपड्याला रुबाब येतो तो खांद्यामुळे, आणि तिथे उतरलेला कपडा कितीही महाग असला तरी उसना घेतल्यासारखा दिसतो.

कुर्त्याची उंची गुडघ्यापर्यंत पुरे, आणि बाजूचे कट नेहमीपेक्षा इंचभर वरून सुरू करावेत, म्हणजे बसल्यावर पुढचा भाग मांडीवर ताणत नाही. पाठीवर साखळी (झिप), बटणे, गाठी किंवा लटकन काहीही नको, कारण आठ तास टेकून बसल्यावर एक छोटे बटणही मणक्याला बोचते. बाजूच्या शिवणीत साखळीचा खिसा अवश्य लावून घ्यावा. पासपोर्ट आणि बोर्डिंग पास हाताशी राहतात आणि प्रत्येक रांगेत पर्स उपसावी लागत नाही. शिवणीत इंचभर माया, म्हणजे नंतर उसवून कपडा सैल करता येईल असे जादा कापड, ठेवायला सांगावी. परदेशातून परतताना ती पुष्कळांना उपयोगी पडते.

आईला आयुष्यभर साडीचीच सवय आहे. तिला पंजाबी ड्रेस घालायला लावावा का?

तिची इच्छा नसेल तर मुळीच लावू नये. नागपूरच्या महाल भागातल्या एका काकूंना मुलांनी हौसेने ट्रॅक पँट आणि टीशर्ट घालून पाठवले होते. परत आल्यावर त्या मला म्हणाल्या की सगळा प्रवास टीशर्ट खाली ओढण्यात गेला, डोळा लागला नाही. ज्या कपड्यात माणूस संकोचतो, तो कपडा सैल असला तरी सुखाचा नसतो. साडीत २० तास उत्तम जाऊ शकतात, फक्त तिची तयारी निराळी करावी लागते.

परकराची नाडी हा त्रासाचा पहिला मुद्दा आहे. ती रुतते, आणि पोट फुगल्यावर अधिकच रुतते. त्यामुळे दोन इंच रुंद इलॅस्टिकचा नेफा असलेला सुती परकर शिवून घ्यावा. सॅटिनच्या परकरावर निऱ्या घसरतात आणि अंगासरशी बसणाऱ्या फिशकट परकरात विमानाच्या शिडीची पायरी चढताना पाऊल पुरत नाही. साडी मऊ सुती किंवा सुती-रेशमी मिश्रणाची, अरुंद काठाची घ्यावी, कारण रुंद जरीचा काठ मानेला आणि दंडाला घासतो. ती घोट्याच्या इंचभर वर नेसावी, निऱ्या पाचच काढाव्यात आणि पदर खांद्यावर एका पिनेने पक्का करावा. ब्लाउजची पाठ झाकलेली, बाही कोपरापर्यंत आणि हूक पुढे असावेत.

विमानातील प्रसाधनगृहाची जमीन पुष्कळदा ओली असते. आत जाण्यापूर्वीच निऱ्या उचलून कमरेला खोचण्याची सवय आईला घरी दोन-तीन वेळा करून द्यावी. ही बारीक गोष्ट आहे, पण साडीतल्या बहुतेक ज्येष्ठ स्त्रियांना याच भीतीने पाणी कमी प्यावेसे वाटते, आणि कोरड्या हवेत पाणी कमी पिणे चांगले नाही. नऊवारी मला स्वतःला अतिशय प्रिय आहे, तिच्यात चालणे सहावारीपेक्षा मोकळे असते, परंतु त्या अरुंद जागेत कासोटा सोडून पुन्हा घालणे कठीण जाते, त्यामुळे लांबच्या विमानप्रवासाला ती सुचवत नाही.

अंगावर घ्यायला काय न्यावे? शाल जड वाटते आणि स्वेटर मे महिन्यात बाळगवत नाही.

याचे उत्तर आपल्या विदर्भातच विणले जाते. भंडारा जिल्ह्यात मोहाडी आणि आंधळगावच्या मागांवर कोशाचे कापड तयार होते. आपण ज्याला कोसा म्हणतो, तेच टसर रेशीम. कोशाचा मोठा स्टोल वजनाला हलका असतो, ओलावा धरतो आणि अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे तो उन्हात डोक्यावर आणि विमानात खांद्यावर सारखाच उपयोगी पडतो. त्याचा नैसर्गिक मधासारखा रंग जवळजवळ प्रत्येक कपड्यावर शोभतो. साध्या कुर्त्यावर तो नीट घेतला, तर वेगळ्या दागिन्याची गरज उरत नाही. घेताना निदान दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद घ्यावा. ज्यांना थंडी अधिक बाधते त्यांनी सोबत पूर्ण बाहीचे पातळ सुती जाकीट ठेवावे, जे घडी करून उशीसारखे मानेखालीही घेता येते.

झोपताना स्टोल अंगावर घेऊन त्यावरून सीटबेल्ट लावावा. बेल्ट आत झाकला गेला, तर तो लावला आहे का हे पाहण्यासाठी विमानातील कर्मचाऱ्यांना आपल्याला उठवावे लागते.

पुरुषांनी काय घालावे?

जीन्स घालू नये, एवढे पाळले तरी पुष्कळ झाले. तिची जाड शिवण जांघेत आणि गुडघ्यामागे रुतते आणि घामाने ओली झाली की ती लवकर सुकत नाही. तिच्याऐवजी मागे इलॅस्टिक असलेली सुती पँट, वर सुती-लिननचा उभ्या कॉलरचा शर्ट किंवा आखूड कुर्ता आणि त्यावर खादीचे बिनबाह्यांचे जाकीट घालावे. नागपूरच्या उन्हात हे जाकीट हातात राहील, परंतु त्याला आतल्या बाजूने दोन खिसे लावून घेतले की कागदपत्रे, चष्मा आणि गोळ्या एकत्र राहतात. शिवाय शर्ट चुरगळला असला तरी वर जाकीट चढवले की माणूस व्यवस्थित दिसतो.

रंग कोणते निवडावेत? आणि नवा कपडा पहिल्यांदा प्रवासालाच घालावा का?

नवा कपडा प्रवासाला कधीही पहिल्यांदा घालू नये. हे मी स्वतः अनुभवले आहे. निळीत रंगवलेला एक नवाकोरा कुर्ता मी न धुता घालून निघाले होते. विमानतळावर पोहोचेपर्यंत मान निळी झाली, मुंबईत पांढऱ्या स्लिपवर खांद्यापासून कमरेपर्यंत ओघळ उतरले होते आणि शेजारच्या बाईंच्या फिक्या ओढणीला माझी बाही लागू नये म्हणून मी पुढचे कितीतरी तास कोपर अंगाशी घट्ट धरून बसले. गडद रंगाचे कापड निदान तीन वेळा धुवावे आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग सुटतो का ते पाहावे.

रंगांची निवड एका कुळातून करावी, म्हणजे वरचा, खालचा आणि अंगावर घ्यायचा कपडा कसाही जुळवला तरी विसंगत दिसत नाही. चिंतामणी, मोरपंखी आणि राखाडी हे एक कूळ झाले. डाळिंबी, आमसुली आणि कोशाचा रंग हे दुसरे. वर-खाली एकाच रंगाच्या छटा घातल्या तर माणूस उंच आणि नीटनेटका दिसतो. पांढरा आणि मोतिया रंग उन्हात डोळ्यांना गार वाटतात, पण अरुंद ताटलीतून जेवताना सांडलेला एक थेंबही त्यांवर उठून दिसतो. दाबू छापाचे किंवा इकतचे बारीक नक्षीचे कापड असेल तर डाग आणि सुरकुत्या दोन्ही लपतात, म्हणून वरच्या कपड्यासाठी माझी पहिली पसंती त्यालाच असते.

पायात काय घालावे? प्रवासानंतर पाय सुजून चपला आवळतात.

बसून राहिल्याने रक्त आणि पाणी पायांकडे साचते आणि पाऊल थोडे फुगते. म्हणून जोडा संध्याकाळी विकत घ्यावा, कारण दिवसभराच्या वावरानंतर पाऊल त्याच्या सर्वांत मोठ्या मापात असते. पट्टा सैल करता येईल असे, मऊ तळाचे, मागून बंद असलेले सँडल किंवा कापडी बूट घ्यावेत. कोल्हापुरी चप्पल कुर्त्यावर अतिशय देखणी दिसते, पण नवी असताना ती अंगठ्याला चावते, त्यामुळे ती रुळलेली असेल तरच घालावी. उंच टाचा टाळाव्यात. आणीबाणीत घसरगुंडीवरून उतरताना त्या काढायला लावतात. सुती मोजे सोबत असावेत, मात्र नुसत्या मोज्यांवर प्रसाधनगृहात जाऊ नये, आणि विमान चढताना व उतरताना जोडे पायातच ठेवावेत.

घट्ट वैद्यकीय मोजे सर्वांनी घालावेत का?

चार तासांहून जास्त वेळ बसून प्रवास केल्यास पायातील शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढते. गरोदर स्त्रिया, शिरा फुगलेल्या व्यक्ती आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेले लोक यांनी असे मोजे घालावेत की नाही आणि कोणत्या दाबाचे, हे आपल्या डॉक्टरांनाच विचारावे. कपड्यांपुरते माझे सांगणे इतकेच की गुडघ्यामागे किंवा जांघेत आवळणारे काहीही नको, आणि दर तासा-दोन तासांनी उठून चालता येईल इतकी पँट मोकळी हवी.

दागिने आणि गजऱ्याचे काय?

मंगळसूत्र, लहान कुड्या आणि एक-दोन बांगड्या एवढे पुरे. धातूच्या मोठ्या बकलाचा पट्टा आणि जड कडे सुरक्षा तपासणीत काढावे लागतात, आणि घाईत ते तिथेच ट्रेमध्ये विसरतात. निरोपाच्या वेळी प्रेमाने माळलेला मोगऱ्याचा गजरा परदेशात उतरण्यापूर्वी काढून टाकावा. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि अमेरिकेत ताजी फुले व वनस्पती सोबत असतील तर त्या जाहीर कराव्या लागतात. उन्हाची झळ लागू नये म्हणून आपल्याकडे खिशात कांदा ठेवतात, त्यालाही हाच नियम लागू आहे, तेव्हा खिसा आठवणीने तपासावा.

लहान मुलांना काय घालावे?

पातळ सुती कपडे, पायात मोजे आणि सोबत पूर्ण कपड्यांचे दोन जोड द्यावेत. लेकराला मांडीवर घेऊन जाणाऱ्या आईने स्वतःसाठीही एक जोड ठेवावा, कारण सांडणारे दूध दोघांवर सांडते.

उतरताना ताजेतवाने दिसायचे असेल तर विमानात कपडे बदलावेत का?

सगळे बदलण्याची गरज नसते. वरचा कपडा आणि आतला बनियन बदलला तरी पुरते. हे दोन्ही गुंडाळून एका कापडी पिशवीत घालावेत आणि हातातल्या बॅगेत सर्वांत वर ठेवावेत. सामान मागे राहिले तर हाच जोड दुसऱ्या दिवशी कामी येतो. विमान उतरू लागण्यापूर्वीच्या खाण्याच्या आधी जाऊन बदलावे. नंतर रांग लागते आणि बेल्ट लावायची सूचना आली की उठता येत नाही. तोंड धुऊन चेहऱ्याला आणि ओठांना मलम लावावे, पण त्याची डबी १०० मिलिलिटरपेक्षा मोठी नसावी. अत्तर लावू नये. बंद हवेत हिन्याचा एक थेंबसुद्धा शेजारच्याचे डोके दुखवू शकतो.

परतताना थेट नागपूरच्या जूनच्या उन्हात उतरायचे आहे. तेव्हा काय बदल करावा?

मुंबईत विमान बदलण्यासाठी तीन-चार तास असतील, तर तिथेच जाकीट, मोजे आणि जाड आतला कपडा काढून बॅगेत टाकावा. नागपूरपर्यंतचे उड्डाण सुमारे दीड तासाचे असते, तेवढ्यासाठी एक सुती थर पुरतो. जाताना खांद्यावर घेतलेला कोशाचा स्टोल आता दुपट्ट्यासारखा डोक्याला आणि कानांना गुंडाळावा, चष्मा हाताशी ठेवावा आणि विमानाच्या दारातून बाहेर पडण्यापूर्वी पाण्याचे दोन घोट घ्यावेत.